मनगट वर, पाठ सरळ

बाई, परवा डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा माझ्या एकेका बोटाच्या टोकाला लावत विचारत गेले, "आजी, आता कळतंय? आता?" मी "हो, हो" म्हणत होते. मग त्यांनी विचारायचं थांबवलं. मी डोळे उघडले तर बोळा माझ्या डाव्या करंगळीवर टेकलेला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. डॉक्टर तरुण आहेत, हसून म्हणाले, शुगर जुनी आहे तुमची, होतं असं, घाबरायचं काही नाही. शुगरला मी कधीच घाबरले नाही. पण त्या क्षणी जी भीती वाटली ती पन्नास वर्षांपूर्वीची होती. तुमच्या माळीवाड्यातल्या स्वयंपाकघरात ती पहिल्यांदा वाटली होती, तुम्हीही समोरच होतात. म्हणून आज तुम्हाला हे पत्र लिहायला बसले आहे.

तुमच्याकडे टायपिंग शिकायला आले तेव्हा मी अकरावी पास झालेली, तिसगावच्या पलीकडच्या एका वाडीतली पोर होते. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती. एरवी दिवाळीनंतर आमच्याकडची निम्मी माणसं बैलगाड्या जुंपून ऊसतोडीला जात, त्या वर्षी जवळजवळ सगळी वाडीच गेली. तोडीला एकट्या माणसाला कुणी नेत नाही, नवरा-बायकोची जोडी लागते. त्या जोडीलाच आमच्याकडं कोयता म्हणतात. म्हणून हंगामाच्या तोंडावर पोरींची लग्नं घाईघाईनं उरकतात. माझ्या थोरल्या बहिणीचं तसंच उरकलं. पहिल्या हंगामाहून ती परत आली तेव्हा तिचे हात उसाच्या पाल्यानं कोपरापर्यंत चिरलेले होते, आणि पोटातलं मूल फडातच गेलं होतं. नुसती भिंतीला टेकून बसायची. तिच्याकडं बघून मला धडकी भरायची, कारण पुढचा नंबर माझा होता.

मामा नागापूरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात लेथवर होता. तो वाडीत आला आणि वडिलांना म्हणाला, "दाजी, हिला माझ्याकडं द्या. टायपिंग शिकंल. सरकारी परीक्षा पास झाली तर कुठंतरी कचेरीत चिकटंल." वडील बराच वेळ जमीन उकरत बसले. मग म्हणाले, "उन्हाळ्यातली परीक्षा देऊ दे. निघाली तर ठीक. न्हाई निघाली तर पुढच्या हंगामाला हिचा बी कोयता करायचा. मग तू मधी पडायचं न्हाई." मामानं मान हलवली. मला कुणी विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी काय सांगणार होते? टायपिंग म्हणजे काय हेही मला धड ठाऊक नव्हतं.

तुमची गल्ली मी आवाजावरून ओळखली. रस्त्यापर्यंत खडखडाट ऐकू येत होता, आणि मधूनच बारीकशी घंटा. पुढच्या खोलीत टायपिंगच्या मशिनी ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीपुढं शहरातली एकेक मुलगी, दोन वेण्या, ताठ मान. तुम्ही त्यांच्या मागून फिरत होतात. लांब बाह्यांचं पोलकं, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, हात पदराच्या आत. आणि पदरातून बाहेर आलेली लोकर विणायची एक लांब सुई. एका मुलीचं मनगट जरा खाली गेलं तशी ती सुई पुढं आली आणि मनगटाखाली टेकली. मुलगी दचकून ताठ झाली. तुम्ही पुढच्या मुलीकडं वळलात. दारात उभी राहून मी ते बघत होते आणि मला वाटत होतं, इथूनच मागं पळावं.

पहिले कित्येक दिवस तुम्ही मला कागद दिलाच नाहीत. नुसतं बसायला शिकवलंत. आमच्या घरात खुर्ची नव्हती, मी जन्मभर जमिनीवर बसलेली. खुर्चीत बसले की पडेन असं वाटायचं आणि मी पाय वर ओढून घ्यायची. "तळवे पूर्ण जमिनीला टेकव. झाडावर नाही बसलीस तू." मग कमरेत सुई टोचायची, "पाठ सरळ. खुर्चीला टेकायचं नाही." मग कोपर, "बरगडीजवळ ठेव, पंख पसरू नको." मग मनगट. मनगटावर तुमचा सगळ्यात जास्त राग. "मनगट वर. मशीनवर टेकवायचं नाही. तळव्याखाली कोंबडीचं पिल्लू धरलंयस असं समज. चिरडायचं नाही आणि सुटूही द्यायचं नाही." बोटं वाकवून मी ते न दिसणारं पिल्लू धरायचे आणि माझे खांदे भीतीनं कानांपर्यंत चढायचे. लगेच सुई खांद्यावर.

शेवटी एकदाचा कागद चढवलात आणि अक्षरांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवलंत. ए एस डी एफ, सेमिकोलन एल के जे. दिवसचे दिवस तेवढंच. इंग्रजीची मला आधीच धास्ती, त्यात अक्षरं झाकलेली. मी वाकून पुठ्ठ्याखाली डोकावायचे. "बघतेस कशाला? 'ए' कुठं पळून गेलेला नाही. जिथं काल होता तिथंच आहे." मुली खुदकन हसायच्या. मग मी बोट दाबून धरायचे, अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या आणि मला वाटायचं, मशीन मोडली. "दाबायचं नाही गं. मारायचं आणि उचलायचं. तापल्या तव्याला बोट लागलं तर कसं उचलतेस? तसं." हे मात्र मला कळलं. खुर्ची मला ठाऊक नव्हती, तवा ठाऊक होता.

मामाच्या खोलीत मी पाटावर खडूनं अक्षरं काढून त्यावर बोटं चालवायचे. मामी हसायची, "पोरगी पाटाला गुदगुल्या करतीय." पण मला हसू यायचं नाही. करंगळी उचलायचीच नाही. ती दुसऱ्या बोटाच्या आडोशाला दडून बसायची, अगदी माझ्यासारखी. आणि तुम्हाला करंगळीचंच भारी वेड. "करंगळी फुकट गेली की टायपिस्ट फुकट गेली," असं तुम्ही म्हणायचात. एक मुलगी माझ्या कानात म्हणाली, "बाई स्वतः कधी हाताला हात लावून शिकवत नाहीत, बघितलंस? सोवळ्याच्या असतील." मला तेच खरं वाटलं. मला वाटलं, वाडीतली म्हणून तुम्हाला माझी शिसारी येते.

तो दिवस उन्हाचा होता. मुली घरी गेल्या आणि तुम्ही मला थांबवून घेतलंत, करंगळीसाठी. बराच वेळ मी नुसता 'ए' मारत होते, तुम्ही मागं उभ्या. माझा चेहरा रडवेला झाला असणार, कारण तुम्ही एकदम म्हणालात, "चल, चहा घेऊ." मी तुमच्या मागून आत गेले. छोटंसं स्वयंपाकघर. तुम्ही चहा ठेवलात. थोड्या वेळानं रॉकेलचा स्टोव्ह फरफरतोय, पातेल्यात चहा वर आलेला. मी सांडशी शोधत इकडं तिकडं बघते आहे, तेवढ्यात चहा उतू जायला लागतो आणि तुम्ही चटकन पातेल्याची कड दोन्ही हातांनी धरता आणि ते उचलून खाली ठेवता. सावकाश, जसं कुणी पाण्याचा तांब्या ठेवावा. तुमचा चेहरा तसाच. तोंडातून हूं की चूं नाही. मग मला वास आला.

मी किंचाळले. तुम्ही आधी माझ्या तोंडाकडं बघितलंत, काय झालं असं, आणि मग माझी नजर जिथं होती तिथं. स्वतःच्या हातांकडं. डोळ्यांनी बघितल्यावर तुम्हाला कळलं की तुमचं भाजलंय. तुमचे हात मी पदराबाहेर पहिल्यांदा तेव्हा बघितले. दोन्ही करंगळ्या आत वळलेल्या, सरळ न होणाऱ्या, उजवीच्या शेजारचं बोटही तसंच. तुम्ही हात पाण्याच्या बादलीत बुडवलेत आणि माझ्याकडं न बघता म्हणालात, "घाबरू नको. मला दुखत नाही." त्या वाक्यानं मी जितकी घाबरले तितकी आयुष्यात कशानंच घाबरले नसेन.

कारण मला ठाऊक होतं ते. आमच्या वाडीबाहेर ओढ्याच्या काठाला एक म्हातारा छपरात राहायचा. त्याला रगतपिती होती, महारोग म्हणतात तो. घरचीच माणसं दगडावर भाकरी ठेवून लांबून हाक मारायची. त्याच्या पायाला खिळा लागला तरी त्याला कळायचं नाही, रक्ताचे ठसे उमटत जायचे. आम्ही पोरं त्याच्या छपराची सावलीसुद्धा चुकवायचो. आणि मी गेले कित्येक आठवडे तुमच्या मशीनवर बोटं टेकवत होते.

तुम्ही बाही वर करून कोपराजवळचा फिकट चट्टा दाखवलात. म्हणालात, "दोन वर्षं गोळ्या चालू आहेत. डॉक्टर म्हणतात, माझ्यापासून आता कुणाला लागायचं नाही. मेलेल्या नसा तेवढ्या परत येत नाहीत." मी दाराकडं सरकत होते. तुम्ही अडवलं नाहीत. मी कसंबसं विचारलं, "म्हणून तुमी हात लावत न्हाई?"

"लागेल म्हणून नाही गं," तुम्ही म्हणालात. "मी किती जोरात धरलंय ते मला कळत नाही. एका मुलीचं मनगट मी सरळ करायला धरलं आणि ती रडायला लागली तेव्हा मला समजलं, मी ते पिरगाळत होते. त्यानंतर सुई घेतली हातात."

मी तशीच पळाले. चहा तिथंच राहिला.

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच ठाऊक. मी हात घासघास घासायची, आधी राखेनं, मग मामाच्या कपड्याच्या साबणानं, कातडी सोलवटेपर्यंत. सकाळी पाण्याला गेले की पिंपाच्या आड उभी राहून पोलक्याची टाचणी काढायची आणि एकेका बोटात टोचून बघायची. दुखलं की हायसं वाटायचं. करंगळीत टोचताना डोळे मिटायची. मग शंका यायची, काल जास्त दुखलं होतं का? मग परत. मामीनं एकदा हात धरला, "बोटांची चाळण कशानं केलीस गं?" मी म्हटलं, "शिवताना लागलं." मामीला सांगितलं असतं तर तिनं त्याच दिवशी मला एसटीत बसवलं असतं. आणि एसटी कुठं जाणार होती? बहिणीच्या भिंतीपाशी.

चार-आठ दिवस ताप आल्याचं सोंग केलं. पण परीक्षा तोंडावर येत चालली होती. एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला उसाचा फड, आणि मी मध्ये. शेवटी आले. का आले ते धैर्यानं नाही बाई, दुसरी भीती पहिलीपेक्षा मोठी होती म्हणून आले. तुमच्या हातांना पट्ट्या होत्या. सुई पट्टीत कशीतरी धरून मागं उभ्या राहिलात आणि म्हणालात, "खांदे खाली." मी खांदे खाली घेतले आणि 'ए' मारला. करंगळी उचलली. भीतीनं असेल, पण त्या दिवशी खरोखरच तापल्या तव्यावरून उचलावी तशी उचलली.

पट्ट्या लोकांनी बघितल्या आणि करंगळ्याही बघितल्या. एकेक मुलगी यायची थांबली. बोलणं मामाच्या कारखान्यापर्यंत गेलं. एका सकाळी मामा कामाची पाळी बुडवून माझ्याबरोबर आला. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून म्हणाला, "तुला ठावं हुतं?" मी मान खाली घातली. तो म्हणाला, "बरं, चल."

चपला न काढता तो उंबऱ्यातच उभा राहिला. "बाई, म्या ऐकलंय ते खरं हाय का?"

काय ऐकलं, असं तुम्ही विचारलं नाहीत. पदरातून दोन्ही हात काढलेत आणि टेबलावर, मशीनच्या शेजारी, त्याला दिसतील असे ठेवलेत. "खरं आहे."

"पोरीला लागंल का?"

"डॉक्टर म्हणतात, नाही. पण तुम्ही माझ्या बोलण्यावर जाऊ नका. तिला घेऊन सरकारी दवाखान्यात जा. मी तिथंच गोळ्या आणायला जाते. त्यांना विचारा, हिचीही तपासणी करून घ्या. मग काय ते ठरवा." आणि माझ्याकडं वळून, "जाताना मशीनवर कापड टाक."

माझ्या हातून कापड दोनदा खाली पडलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला डोळे मिटायला लावले. कापूस, मग सुई, मग पाठीवर, दंडावर, कानाच्या पाळ्यांवर बोटं फिरवून बघितली. त्या मिटलेल्या डोळ्यांमागं मी वाडीबाहेरचं ते छप्पर बघत होते, आणि दगडावर भाकरी ठेवणारी माझी आई. डॉक्टर म्हणाले, "हिला काही नाही." मामानं तेच परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. "आणि त्या बाईंपासनं?" "त्यांच्या गोळ्या नियमित आहेत. त्यांच्यापासून धोका नाही. तुम्हा लोकांच्या बोलण्याचा त्यांना आहे." मामानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा डॉक्टर वैतागले.

बाहेर लिंबाखाली आम्ही बसलो. मामानं बिडी पेटवली आणि ती हातातच जळत राहिली. मग म्हणाला, "भ्या वाटतं का तुला?"

"व्हय."

"मला बी वाटतं. डाक्टर काय बी म्हनू दे, वाटायचं ते वाटतंच. पन तुझ्या बहिनीला बघितल्यापासून मला त्या फडाचं त्याच्याहून जास्ती वाटतं." त्यानं बिडी विझवली. "जा तू. परीक्षा हुईस्तवर जा. मामीला सांगू नगं."

मग त्या खोलीत आपण दोघीच उरलो. झाकलेल्या मशीनांची रांग आणि टोकाला माझी एक चालू. गल्लीतली माणसं जाता जाता खिडकीतून बघायची, तसे माझे खांदे चढायचे. तुम्ही म्हणायचात, "ते रस्त्यावर आहेत. तू कागदावर आहेस." तुम्ही घड्याळ समोर ठेवून उतारे द्यायला लागलात. मी चुकले की अजून दचकायची, सुई टेकली की अजून अंग चोरायची. पण माझ्या लक्षात आलं होतं, सुई टेकवताना तुम्ही डोळे बारीक करून बघत असायचात. तिचं टोक माझ्या कातडीत किती रुततंय ते तुम्हाला फक्त डोळ्यांनीच कळणार होतं.

परीक्षेला मशीन आपली आपण न्यावी लागे. मामानं तुमच्याकडची मशीन गोधडीत गुंडाळून सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि सायकल हातानं ढकलत नेली, मी मागून मशीनला हात लावून. त्या शाळेच्या हॉलमध्ये बाकं उंच होती. घंटा झाली आणि एवढ्या मशीनांचा खडखडाट एकदम असा उठला की मला माझ्या मशीनचा आवाज ऐकू येईना. पहिली ओळ कशी गेली ठाऊक नाही. दुसऱ्या ओळीत मला कळलं की मी वाकले आहे, मनगटं मशीनवर पडली आहेत. मी सुईची वाट बघितली. ती आली नाही. मागं कुणीच नव्हतं. इतकी एकटी मी कधी पडले नव्हते. मग मीच तळवे जमिनीला टेकवले, पाठ उचलली, मनगटं उचलली. बाकी हात आपले आपण गेले.

निकाल लागला, मी पास झाले. वर्षभरात पाथर्डीला एका कचेरीत लागले आणि तिथंच वाढत वाढत मोठी कारकून होऊन निवृत्त झाले. माझा कोयता झाला नाही. तुमचा क्लास मात्र परत नीट भरला नाही. दोन-तीन वर्षांनी तुम्ही भावाकडं गेलात. मी पत्रं पाठवायची, तुमची उत्तरं टाईप केलेली यायची, एकही अक्षर पुसट नसलेली. करंगळीची अक्षरं तुम्ही कोणत्या बोटानं मारत होतात कोण जाणे. मग एकदा उत्तर हातानं लिहिलेलं आलं, तुमच्या भावाचं. झोपेत गेल्या, त्रास झाला नाही, असं त्यात होतं. त्रास झाला नाही हे वाचून मला बरं वाटावं असं त्यांना वाटलं असेल. मला वाटलं, झाला असता तरी तुम्ही कळू दिला नसतात.

हे पत्र टाकायला कुठली पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. कारण एक गोष्ट मी तुमच्या तोंडावर कधीच सांगू शकले नसते.

निकालाच्या दिवशी मी पेढे घेऊन आले होते. तुम्ही "ठेव तिथं" म्हणालात, पण मी पेढा तुमच्या तळव्यावर ठेवला आणि तुमचा हात माझ्या दोन्ही हातांत धरला. तुमची वळलेली करंगळी माझ्या तळव्यात आली. डोळे भरून आले म्हणून तुम्ही तोंड खिडकीकडं फिरवलंत. तुम्हाला वाटलं असेल, पोरीची भीती गेली. ती गेली नव्हती, बाई. माझे हात थरथर कापत होते. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात आणि तुमच्या हाताला ते कळणार नव्हतं, एवढ्याच भरवशावर मी तो धरून ठेवला होता.